सोसायटी ग्रुप: लिफ्टमधलं पोस्टर आणि ती लाल बस

ए-201 काका (खजिनदार), रात्री 8:40
नमस्कार मंडळी. कमिटीच्या निवडणुकीसाठी सी-102 भाऊंनी लिफ्टमध्ये जे पोस्टर लावलंय त्याबद्दल लिहितोय. "दर महिन्याला 2 लाख टँकरवाल्याच्या घशात! तेच पैसे आपल्या पाण्याला लावू." हा आकडा चुकीचा आहे. ते फक्त मे महिन्याचं बिल, तेही 1,95,000. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला 1,10,000 पडतात आणि त्यातले 18,000 खालच्या दुकानांकडून वसूल होतात, म्हणजे आपल्या खिशातून जातात 92,000. एक्सेल टाकतोय. तिसरा टॅब बघावा.

बी-305
काका फाईल उघडत नाहीये मोबाईलवर

सी-704 ताई
92 हजार काय नि 2 लाख काय, आमच्या नळाला सकाळी पाणी येत नाही ते कुठल्या टॅबमध्ये आहे तेवढं सांगा

ए-201 काका
ताई, चौथ्या टॅबमध्ये माणशी 135 लिटर सरासरी दिलेली आहे. सरकारी निकषच तेवढा आहे. पाणी पुरेसं येतंय.

सी-704 ताई
😂😂 बरं

ए-402 वहिनी
पण 2 लाख म्हणजे जास्तच आहेत ना हो

ए-201 काका
वहिनी, 2 लाख नाहीयेत!! तेच तर सांगतोय.

बी-305
काका तुम्ही आत्तापर्यंत पाच वेळा 2 लाख लिहिलंत. माझी मुलगी तुम्हाला 2 लाखवाले आजोबा म्हणायला लागलीय 🙏

बी-603
काका एक सांगू का, रागावू नका. हे सगळं मी एकदा बघितलंय, अगदी डिट्टो. 2016 ला आम्ही संडरलँडला होतो, इंग्लंडच्या वरच्या बाजूला, न्यूकॅसलच्या शेजारी. तेव्हा तिथे सार्वमत होतं, युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं. बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी एक लालभडक बस काढली होती आणि तिच्या अंगावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की आपण युरोपला आठवड्याला 35 कोटी पौंड पाठवतो, त्यापेक्षा आपल्या एनएचएसला देऊ, एनएचएस म्हणजे त्यांची सरकारी दवाखान्यांची व्यवस्था. आता हा आकडा तुमच्या मे महिन्याच्या बिलासारखाच. ब्रिटनला त्यात सूट होती, तेव्हाच्या पंतप्रधान थॅचर बाईंनी 1984 ला भांडून मिळवलेली, आणि ती आधीच वजा व्हायची, म्हणजे 35 कोटी कधी पाठवलेच जात नव्हते, साधारण 25 च्या आसपास जायचे आणि त्यातलेही बरेच शेतकऱ्यांना नि मागास भागांना परत यायचे. त्यांच्याकडे आकड्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था आहे, तिने मतदानाच्या आधीच जाहीर सांगितलं की हा आकडा दिशाभूल करणारा आहे. काय झालं? बस फिरतच राहिली.

ए-201 काका
मग लोकांना कळलं नाही का खोटं आहे ते?

बी-603
कळलं की. पण रोज टीव्हीवर दोन माणसं भांडायची. एक म्हणायचा 35, दुसरा म्हणायचा नाही हो 25. आणि बघणारा सोफ्यावर बसून म्हणायचा, अरे बापरे आठवड्याला 25 कोटी? इतके? त्या मोहिमेचा मेंदू होता डॉमिनिक कमिंग्ज म्हणून, त्याने नंतर स्वतःच लिहिलं की या आकड्याशिवाय आम्ही जिंकलो नसतो. खोडून काढायला का होईना, विरोधकांनी तोच आकडा दिवसभर बोलत राहावं हेच त्याला हवं होतं. तुम्ही ग्रुपवर आज तेच करताय काका, फुकटात 😀

सी-102 भाऊ
म्हणजे मी खोटं बोलतोय असं म्हणायचंय का साहेब तुम्हाला? मे चं बिल 1,95,000 आहे, राउंड फिगर केली मी. त्यात काय पाप केलं

बी-603
भाऊ तुमचा आकडा फसवा आहे हे तर मी म्हणणारच. पण तुम्हाला मतं का पडणार हे पण सांगतो, थांबा जरा, टाईप करतोय

ए-504 आजोबा
मनात समाधान असेल तर झोपडीही महाल वाटते. शुभ रात्री 🌹🌹

बी-305
आजोबा तुमच्या विंगला पाणी येतं म्हणून समाधान आहे

बी-603
तर संडरलँड. तिथे निस्सान गाड्यांचा कारखाना आहे, 1986 पासूनचा, तेव्हा सात हजारांच्या आसपास लोक कामाला, आणि तिथल्या निम्म्याहून जास्त गाड्या युरोपातच विकल्या जायच्या. कागदावर बघितलं तर त्या गावाने बाहेर पडायला मत देणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. 23 जूनच्या रात्री आम्ही जागे होतो. संडरलँडचा निकाल अगदी सुरुवातीला आला, 61 टक्के बाहेर पडा. टीव्हीवर हॉलमध्ये लोक उड्या मारत होते आणि खाली पट्टीवर पौंड घसरत होता, दोन्ही एकाच स्क्रीनवर. शेवटी देशभर 51.9 विरुद्ध 48.1.
आमच्या शेजारचे आजोबा, जहाजगोदीत आयुष्य गेलेलं, संडरलँडच्या सगळ्या गोद्या 1988 पर्यंत बंद पडल्या. मी त्यांना समजावायला गेलो होतो, हो मी पण तुमच्यासारखाच काका, मोबाईलवर चार्ट घेऊन. ते म्हणाले पोरा, इथली शेवटची गोदी बंद झाली तेव्हा पण असाच एक चार्ट दाखवलेला. संपला विषय. माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

सी-503
ओ पण पाण्याचं काय? ब्रेक्झिट काय लावलंय

सी-704 ताई
थांबा हो सांगू दे त्याला. मला कळतंय तो काय म्हणतोय ते

बी-603
धन्यवाद ताई. लंडनच्या किंग्ज कॉलेजातले प्राध्यापक आहेत, आनंद मेनन. ते न्यूकॅसलला सभेत सांगत होते की बाहेर पडलो तर देशाचा जीडीपी, म्हणजे एकूण उत्पन्न, घसरेल. तर मागून एक बाई ओरडल्या की तो जीडीपी तुमचा, आमचा नाही. हा किस्सा तिकडे खूप गाजला. आता तुमची 135 लिटर सरासरी घ्या काका. ती सगळ्या सोसायटीची सरासरी. ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावर 200 लिटर असेल आणि सी विंगच्या सातव्यावर 60, सरासरी छानच येणार. ताई हसल्या त्या उगाच नाही. ती सरासरी तुमची काका, त्यांची नाही.

सी-704 ताई
👏👏👏 हेच! हेच तीन वर्षं सांगतेय मी!

ए-201 काका
ठीक आहे पण मग तज्ज्ञांना काही किंमतच नाही का? मी 34 वर्षं बँकेत काढली. हिशोब मला कळतो.

बी-603
आहे ना काका किंमत. पण तज्ज्ञांनी पण तिकडे कमी घोळ नाही घातले. राहा म्हणणाऱ्यांकडून अर्थमंत्री ऑस्बॉर्न यांनी आकडा काढला, बाहेर पडलो तर 2030 पर्यंत दर घरामागे वर्षाला 4300 पौंड नुकसान. प्रत्यक्षात ते घराचं उत्पन्न नव्हतंच, देशाचं नुकसान घरांच्या संख्येने भागलेलं, म्हणजे राउंड फिगर इकडे पण होती. शिवाय म्हणाले लगेच मंदी येईल, ती काही त्या वर्षी आली नाही. लोक म्हणाले बघा, भीती दाखवत होते. त्याआधी 2008 ला बँका कोसळल्या तेव्हा खुद्द राणीने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जाऊन विचारलेलं की हे कुणाच्या आधी लक्षात कसं आलं नाही. राणीलाच असं विचारावं लागलं तिथे जहाजगोदीवाल्या आजोबांना कोण विचारतो. मायकेल गोव्ह म्हणून मंत्री होते, ते टीव्हीवर म्हणाले की लोकांना आता तज्ज्ञांचा कंटाळा आलाय. त्यांचं पूर्ण वाक्य वेगळं होतं, ते सतत चुकणाऱ्या संस्थांमधल्या तज्ज्ञांबद्दल बोलत होते, पण गाजलं तेवढंच, कारण तेवढंच लोकांच्या मनातलं होतं.

डी-101 (जिमवाले)
आमच्या ट्रम्पतात्यांचं पण तेच. त्यांनी तर उघड सांगितलं होतं एका मुलाखतीत की दुसऱ्यांच्या मेंदूपेक्षा माझं पोट मला जास्त सांगतं

बी-305
पोट बोलतं म्हणे, आमचं फक्त गुरगुरतं

ए-402 वहिनी
पण मग तू मत दिलंस का रे तिथे? तू तर इंडियन पासपोर्टवाला

बी-603
वहिनी तीच तर गंमत. आपल्याला होतं मत! कॉमनवेल्थमधले म्हणून भारतीय पासपोर्टवाला तिथे राहत असेल तर मत देऊ शकत होता, आणि दहा वर्षं तिथे राहून कर भरणाऱ्या पोलंडवाल्याला नाही. मी राहा म्हणून दिलं. पण आमच्या मराठी ग्रुपमधले बरेच जण पलीकडे होते. कारण तिथल्या मंत्री प्रीती पटेल बाई सांगत होत्या की युरोपवाल्यांचे लोंढे थांबले की आपल्या करी हॉटेलांना शेफ आणता येतील. माझ्या एका मित्राने सरळ सांगितलं, पोलंडचा प्लंबर व्हिसाशिवाय येतो आणि माझ्या आईला सहा महिन्यांच्या व्हिसासाठी बँक स्टेटमेंट द्यावं लागतं. आता यात आकड्याने काय खोडणार? आईला रांगेत उभं केल्याचा राग आहे तो.

सी-102 भाऊ
बरोबर आहे ना मग राग

बी-603
राग बरोबरच होता भाऊ. पण त्या रागाचं पुढे काय झालं ते ऐका. लोंढे थांबवणार होते ना, तर जून 2023 पर्यंतच्या वर्षात बाहेरून येणाऱ्यांची निव्वळ संख्या 9 लाखांच्या वर गेली, 2015 ला 3 लाख 33 हजार होती तेव्हा केवढा गोंधळ घातलेला. आणि कॉर्नवॉल, तिकडे दक्षिणेला समुद्राकाठी, युरोपकडून मागास भाग म्हणून भरपूर पैसे मिळायचे, त्यांनी 56.5 टक्के बाहेर पडायला दिले आणि निकालानंतर त्यांच्याच कौन्सिलने सरकारकडे हमी मागितली की आमचे पैसे तेवढे बंद करू नका. आणि बस? निकालाच्या सकाळी बाहेर पडा म्हणणाऱ्यांचे एक पुढारी नायजेल फराज टीव्हीवर म्हणाले की ती घोषणा चूक होती, मी काही ती दिली नव्हती. खरंच नव्हती, ती दुसऱ्या गटाची बस होती. पण सकाळपर्यंत थांबले ना सांगायला 😀

सी-503
भाऊ, पोस्टरवरचं "आपलं पाणी" म्हणजे बोअरवेलच ना, तिचं सांगा मग. मार्चमध्ये आपली जुनी बोअर आटली ती कुठून आणणार पाणी?

सी-102 भाऊ
ते बघू. आधी टँकर लॉबी मोडली पाहिजे.

सी-503
म्हणजे माहीत नाही

सी-102 भाऊ
हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

सी-704 ताई
एक सांगते. भाऊंचं पोस्टर खरं की खोटं मला माहीत नाही, माझं मत अजून कुणाला ठरलेलं नाही. पण एप्रिलमध्ये ते आमच्याकडे आले होते, सकाळी साडेसहाला, पोस्टर नव्हतं तेव्हा. मोरीत उभे राहून बघितलं त्यांनी. तीन बादल्या, एक पिंप, सासूबाईंसाठी वेगळी कळशी भरून ठेवलेली. चहा घेतला आणि गेले, एक शब्द आश्वासन दिलं नाही. काका तुम्ही तीन वर्षं खजिनदार आहात, दुसऱ्या मजल्याच्या वर लिफ्टने कधी आलात? राग मानू नका.

ए-201 काका
...

बी-305
काका टायपिंग दिसतंय आणि बंद होतंय

ए-201 काका
ताई, तुमची तक्रार रजिस्टरमध्ये आहे. मी ती वाचली होती. मला वाटलं टाकी भरते म्हणजे पाणी येतं.

सी-704 ताई
टाकी भरते हो. पण वॉचमन आधी ए चा व्हॉल्व्ह उघडतो मग बी चा, आमची टाकी शेवटी आणि अर्धी. पावणेसातला धार करंगळीएवढी होते, सात वाजून दहा मिनिटांनी फुस्स. त्यात मुलाची शाळेची बस सात वीसला

बी-603
भाऊ हे तुम्हाला एप्रिलपासून माहीत होतं, मग पोस्टरवर व्हॉल्व्ह का नाही लिहिला?

सी-102 भाऊ
व्हॉल्व्हला कोण मत देतं साहेब

बी-305
😂😂😂 भाऊ खरं बोलले, स्क्रीनशॉट काढलाय

ए-201 काका
ताई, उद्या सकाळी साडेसहाला आलो तर चालेल का? बादली आणि घड्याळ घेऊन येतो. मिनिटाला किती लिटर येतं ते मोजतो.

सी-704 ताई
या काका. बादली नका आणू, रिकाम्या भरपूर आहेत

ए-504 आजोबा, सकाळी 5:30
सुप्रभात. जल हेच जीवन 💧🌹

ए-201 काका, सकाळी 6:52
सी-704 मध्ये आहे. साडेसहाला मिनिटाला 7 लिटर होतं, आता 2. खाली कोणी असेल तर वॉचमनला सांगा ए चा व्हॉल्व्ह अर्धा करून सी चा पूर्ण उघड, तो फोन उचलत नाहीये.

सी-102 भाऊ
मी खालीच आहे. बघतो.

ए-402 वहिनी, सकाळी 7:04
अहो आमच्याकडे पाणी एकदम कमी झालं!! काय चाललंय? कमिटीने काही न विचारता पाणी बंद केलं का? सगळ्यांनी आवाज उठवा

बी-305
काका, लिफ्टमध्ये आत्ता बघितलं. कोणीतरी पेनने 2 लाखाचे 3 लाख केलेत