टॉवर आणि वैमानिक: चूक झोपेची की शब्दांची?

पेडण्याचा टॅक्सीवाला: परवा पहाटे तीनला मोपा विमानतळावर गिऱ्हाईक म्हणालं, "पर्वरी." मीही म्हटलं, "हो, पर्वरी." मांडवीच्या पुलावर मागून आवाज आला, "अहो, पर्वरी मागे राहिली!" तोंड पर्वरी म्हणत होतं, डोकं पणजीला निघालं होतं. वैमानिकही टॉवरमधल्या कंट्रोलरने दिलेली उंची अशीच परत म्हणून दाखवतात, रीडबॅक म्हणतात त्याला. पेंगणाऱ्या माणसाच्या रीडबॅकवर काय भरवसा? आधी झोप द्या, शब्दांचं मग बघू.

माजी टॉवरवाला, वास्को: चूक, बाब. शब्द ठरवले ते थकलेल्या माणसासाठीच. स्पेनचं टेनेरिफ बेट, 1977. धावपट्टीवर दोन विमानं एकमेकांवर आदळली. टॉवर "ओके" म्हणाला, पुढे "थांबा, मी सांगतो." नेमकं तेव्हाच दुसरं विमान बोललं. एका फ्रिक्वेन्सीवर दोघे बोलले की नुसती शिट्टी. उड्डाणाला निघालेल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाला स्पष्ट ऐकू आलं ते "ओके". 583 माणसं गेली. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द परवानगी देताना नाहीतर रद्द करतानाच वापरायचा. (तुमच्या गिऱ्हाइकाने म्हापसा सुटल्यावर खिडकीबाहेर बघायला हवं होतं. आम्ही रडारवर बघतो.)

फोंड्याची सिस्टर: मंगळूरचा विमान अपघात, 2010. कॅप्टन वाटेत दीड तासाहून अधिक झोपलेला. उतरताना सहवैमानिक "गो अराउंड" म्हणाला, म्हणजे उतरू नका, परत वर घ्या; तेही एकदा नाही. शब्द ठरलेलाच होता ना? 158 गेले. रात्रपाळीत पहाटे चारला डोस दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, हे मी रोज अनुभवते.

माजी टॉवरवाला, वास्को: तो कॉकपिटमधला मामला, सिस्टर. टॉवरचं बोला. 1990, न्यूयॉर्कजवळ आविआंका या कोलंबियाच्या कंपनीचं विमान पडलं. इंधन संपत आलं तरी वैमानिकांनी 'प्रायॉरिटी', म्हणजे अग्रक्रम, मागितली, 'इमर्जन्सी' म्हणालेच नाहीत. 73 मेले. एका शब्दाने वाट मोकळी झाली असती.

पेडण्याचा टॅक्सीवाला: आणि तो शब्द तोंडातून का निघाला नाही? खराब हवा, तासाहून जास्त घिरट्या. ताणात माणूस भीड धरतो. आमचे मामा हार्ट अटॅक आला तेव्हा "जरा गॅस झालाय" म्हणत होते.

माजी टॉवरवाला, वास्को: बरं, मामांचं पटलं. पण झोपेच्या नियमांवर फार विसंबू नका. केएलएमच्या कॅप्टनला घाई कशाची होती? थकवा टाळायला ठरवलेले ड्यूटीचे तास संपत आले होते, त्याची.

पेडण्याचा टॅक्सीवाला: हे मात्र ठाऊक नव्हतं. थांबा, मोपाचं भाडं आलंय, रात्री दोनचं.