कॅलिफोर्नियात प्रॉप ६ पडलं कसं?

फ्रीमॉन्टकर:
नोव्हेंबर २०२४ ला इथे प्रॉप ६ (प्रॉप म्हणजे प्रपोझिशन, थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) होतं, कैद्यांना शिक्षा म्हणून जबरदस्तीने राबवता येतं ती मुभा राज्याच्या घटनेतून काढायची का, एवढाच प्रश्न. मतदार पुस्तिकेत विरोधाची बाजू लिहायला पण कोणी पुढे आलं नव्हतं. तरी पडलं! आणि त्याच दिवशी शेजारच्या नेवाडा राज्यात असाच प्रस्ताव पास?? कॅलिफोर्निया म्हणे डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला..

दुपारचा_चहा:
मतपत्रिका बघा की. नेवाडात सरळ 'गुलामगिरी' छापलेलं, त्याला नाही कोण म्हणणार. कॅलिफोर्नियात नुसतं 'इन्व्हॉलंटरी सर्व्हिट्यूड' (सक्तीची चाकरी), लोकांना काय डोंबल कळणार. शिवाय त्याच मतपत्रिकेवर चोऱ्या-ड्रग्जच्या शिक्षा वाढवणारं प्रॉप ३६, ते दणक्यात पास, म्हणजे मूड कुठला होता बघा.

सातबारा:
पण काम का करू नये कैद्यांनी? टॅक्स आम्ही भरायचा आणि यांनी बसून खायचं? आपल्याकडे सक्तमजुरी आहेच की.

फ्रीमॉन्टकर:
काम बंद करा कोण म्हणतंय, नको म्हटलं तर शिक्षा नको एवढंच. जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसच्या आगीत आग विझवायला केशरी कपड्यातले कैदी होते ना, ते स्वतःहून जातात, आणि तेव्हा मिळत होते दिवसाला साधारण ६ ते १० डॉलर, आगीवर असताना तासाला १ जादा!

वकिलीणबाई:
मूळ दुखणं १८६५ चं. अमेरिकेच्या घटनेतल्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी गेली पण 'गुन्ह्याची शिक्षा सोडून' ही पाचर राहिली. मग दक्षिणेत काय, रिकामा फिरतो म्हणून काळ्या माणसाला धरा, कैदी करा आणि मळेवाल्यांना, खाणवाल्यांना भाड्याने द्या. लुइझियानातला अँगोला तुरुंग आजही जुन्या मळ्यावरच उभा आहे, कैदी शेतात राबतात ते तासाला काही सेंटवर. तिथे २०२२ ला ही पाचर राज्याच्या घटनेतून काढायला मतदान झालं तर प्रस्ताव आणणाऱ्या आमदारानेच विरोधात मत द्या सांगितलं, मसुदा इतका गंडला होता की पळवाट उलट वाढेल अशी भीती. बरं, पास होऊनही काय.. कोलोरॅडोत २०१८ ला झालं, तरी काम नाकारलं की सवलती कापणं चालूच, म्हणून २०२२ ला कैदी कोर्टात गेले.

आणि सातबारा, आपल्या घटनेच्या कलम २३ ने वेठबिगारी बंद असली तरी १९९८ ला सुप्रीम कोर्टाने सक्तमजुरी चालेल म्हटलंय, फक्त रास्त मजुरी द्या. जात बघून तुरुंगात झाडू-संडासाची कामं वाटणं तर २०२४ ला घटनाबाह्य ठरलं.

सातबारा:
२०२४?? तोवर चालू होतं हे?

वकिलीणबाई:
काही राज्यांच्या जेल मॅन्युअलमधे छापलेलंच होतं हो.