एजॅक्सच्या डोलकाठ्यांमधले धागे पावसाळ्यात सैल का पडतात?

त्रिमूर्तीनगर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. एप्रिल-मे महिन्यांत मी एअरफिक्सच्या १/६०० प्रमाणातल्या 'एजॅक्स' या ब्रिटिश क्रूझरचे प्लास्टिक मॉडेल जोडून पूर्ण केले. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या प्लेट नदीच्या मुखाबाहेर 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी लढताना ती जशी होती तशी दिसावी, अशी माझी इच्छा आहे. म्हणून दोन डोलकाठ्यांमधल्या एरियल (म्हणजे बिनतारी संदेशांच्या तारा), डोलकाठ्यांना आवळून धरणारे ताण-दोर आणि झेंड्यांच्या दोऱ्या असे सगळे मी हाताने लावले. त्यासाठी इतवारीत शिवणकामाच्या दुकानात मिळणारा पारदर्शक नायलॉनचा धागा काळा रंगवून वापरला आणि प्रत्येक टोक फेविक्विकने चिकटवले.

मे महिन्यात हे सगळे धागे सतारीच्या तारांसारखे ताठ होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कपाट उघडले, तेव्हा एरियल धुराड्यावर टेकण्याइतकी खाली आलेली होती. मी ती काढून पुन्हा ताणून बसवली. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि मागची डोलकाठी चक्क पुढे वाकली. तिच्यावरची आडकाठीही निखळली. शिवाय चिकटवलेल्या जागांभोवती पांढरट साय धरली आहे, ती पुसून जात नाही.

माझे विचारणे असे आहे की धागा कोणता घ्यावा, किती जाडीचा घ्यावा आणि आपल्या नागपूरच्या हवेत तो वर्षभर ताठ राहील यासाठी काय करावे. तीन महिन्यांची मेहनत आहे, त्यामुळे जहाज दोरांविना तसेच ठेवून द्यावे असे मनाला पटत नाही.

कताईवाला यांचे उत्तर

आपल्या हातून चूक झालेली नाही, निवड चुकली आहे. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये कताई खात्यात होते आणि सुताला हवेतला ओलावा किती लागतो, हे आमच्या घरी जेवताना बोलण्याचा विषय असे. कापसाचे सूत कोरड्या हवेत पटापट तुटते, म्हणून गिरण्यांत मुद्दाम दमट हवा राखत. नायलॉनचे दुखणे वेगळे आहे. तो हवेतले पाणी पितो आणि पाणी प्यायला की लांबीने वाढतो. कोरडा झाला की पुन्हा आखडतो. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते आणि जुलै-ऑगस्टच्या सकाळी ती ऐंशीच्या वर असते. आपण मेमध्ये ताणलेला धागा जुलैत सैल पडला आणि जुलैत ताणलेला धागा हिवाळ्यात आखडून डोलकाठीला घेऊन बसला. दोन्ही वेळा धाग्याने आपला धर्मच पाळला.

लांबी जराशी वाढली तर एवढा मोठा झोळ कसा पडतो, याचे कोडे पुष्कळांना पडते, म्हणून हिशेब मांडतो. दोन डोलकाठ्यांमध्ये १० सेंटीमीटर अंतर धरा. धागा फक्त एक टक्का, म्हणजे १ मिलिमीटर लांबला, तर मधोमध सुमारे ६ मिलिमीटरचा झोळ येतो. १/६०० च्या मापात तो साडेतीन मीटरहून अधिक झाला, म्हणजे खऱ्या जहाजावर दोन पुरुष खोल! नुसते घट्ट ओढून यावर उपाय होणार नाही, कारण जेवढे ओढाल तेवढा भार कोरड्या दिवसांत डोलकाठीवर येईल. काही जण माणसाचा केस वापरायला सांगतात, तो सल्ला मानू नका. केसही दमट हवेत लांबतो. सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये आर्द्रतामापक बनवला, तो केसाच्या याच गुणावर.

आपल्याला असा धागा हवा, ज्याला ओल-कोरड कळतच नाही. तो आपल्याच खोक्यात आहे. सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या काड्या, म्हणजे स्प्रू, टाकून दिल्या नसतील तर त्यांतूनच धागा ओढा. पॉलिस्टायरीन जवळजवळ पाणी पीत नाही, आणि जहाजाचा सांगाडाही त्याच प्लास्टिकचा असल्याने उन्हाळ्यात दोन्ही सारखेच फुगतात आणि थंडीत सारखेच आखडतात.

ओढण्याची रीत नीट सांगतो, कारण पहिल्या दहा वेळा धागा तुटतो आणि माणूस कंटाळतो. कूलर आणि पंखा दोन्ही बंद करा. ज्योत हलली की काडी एकाच बाजूने तापते. मेणबत्तीच्या ज्योतीच्या टोकाच्या दोन-तीन सेंटीमीटर वर बोटभर लांबीची काडी आडवी धरून दोन्ही हातांनी गोल फिरवत राहा. प्लास्टिक आधी चकाकते, मग मध्यभागी लवते आणि फिरवताना दोन्ही हातांना ते वेगवेगळे झाल्यासारखे वाटू लागते. तो क्षण ओळखायला शिकलात की काम झाले. काडी लगेच ज्योतीपासून बाजूला घ्या, मनात एकदा 'एक' म्हणा आणि मग हात लांब करा. सावकाश ओढल्यास जाड धागा येतो आणि झपकन ओढल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक. ओढल्यावर पाच सेकंद ताण सोडू नका, नाहीतर तो गार होताना वाकडा होतो. असे वीसेक धागे ओढून पुठ्ठ्यावर टोके चिकटवून ठेवा आणि मग त्यांतले एकसारखे निवडा.

जाडीचा हिशेब आधी करा. शिवणाचा पारदर्शक धागा बहुधा ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो. ६०० पट केला तर ६० मिलिमीटर, म्हणजे मनगटाएवढा दोर. युद्धनौकेवरचे पोलादी ताण-दोर एक-दोन बोटे जाडीचे असत. ०.०५ मिलिमीटरचा धागा या मापात ३० मिलिमीटर भरतो. ताण-दोरांना त्याच्या वर जाऊ नये आणि एरियलना त्याच्या निम्माच बरा. मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पेन्सिलीवर धाग्याचे वीस वेढे एकाला एक लागून घ्या, त्यांची रुंदी पट्टीवर मोजा आणि वीसने भागा.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉलचा कण पुरतो, कारण स्प्रूच्या धाग्यात ओढ नसते. आपल्याकडे साय धरली ती फेविक्विकसारख्या गोंदाच्या वाफेची आहे. ती वाफ दमट, कोंडलेल्या हवेत शेजारच्या पृष्ठभागावर बसून पांढरी होते. असा गोंद लागणारच असेल तर शिवणाच्या सुईचे नेढे अर्ध्यात कापून तिचे दोन दाते करा आणि त्यांत अडकेल एवढाच थेंब घ्या.

धागा जरासा सैल बसला तर घाबरू नका. उदबत्ती पेटवून फुंकर घाला आणि तिचे निखारलेले टोक धाग्याच्या खालून, बोटभर अंतर राखून, एकदाच सरकवा. ओढताना ताणलेले प्लास्टिक ऊब लागताच आखडते आणि आपल्या डोळ्यांदेखत दोर सरळ होतो. जवळ नेलेत तर मात्र तो तत्क्षणी तुटेल, तेव्हा आधी पुठ्ठ्यावरच्या धाग्यांवर हात बसवा.

तांब्याची तार यांचे उत्तर

कताईवाला काकांनी स्प्रूबद्दल सांगितले ते सगळे मान्य आहे. परंतु स्प्रूचा धागा एकदा हात लागला की तुटतो आणि ज्या घरात लहान मुले किंवा मोलकरणीचा फडका आहे तिथे हे रोजचेच आहे. माझ्या सासऱ्यांचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे, त्यामुळे मी तांब्याच्या एनॅमल तारेकडे वळले. दुकानातली नेहमीची तार आपल्या कामाला जाड पडते. बंद पडलेल्या भिंतीवरच्या क्वार्ट्झ घड्याळाच्या यंत्रात एक छोटे वेटोळे असते, त्यातली तार केसाहून बारीक असते आणि एका घड्याळातून जन्मभर पुरेल इतकी निघते. हातभर तार काचेवर ठेवून पोलादी पट्टीखाली एकदा लाटली की ती सरळ होते. तारेला हवेचा ओलावा लागत नाही.

तारेचा खरा उपयोग जिथे झोळ हवा तिथे होतो. सगळे दोर ताठ असावेत, ही आपल्या प्रश्नामागची समजूत मला बरोबर वाटत नाही. डोलकाठीला धरणारे ताण-दोर ताठ असतात, कारण तेच त्यांचे काम आहे. एरियलला मात्र स्वतःच्या वजनाचा हलका बाक असतो आणि झेंड्यांच्या दोऱ्या तर आडकाठीपासून खालपर्यंत थोड्या सैलच उतरतात. मी तार गोल डब्याच्या कडेवरून एकदा ओढून तिला तो बाक देते. सगळे एकसारखे ताठ केले की जहाज पिंजऱ्यात ठेवल्यासारखे दिसते.

डोलकाठी वाकली, याचा अर्थ ती प्लास्टिकची ठेवली आहे. ती काढून नव्या इंजेक्शनच्या २२ नंबरच्या सुईची करा. तिची जाडी ०.७ मिलिमीटर असते, म्हणजे या मापात सुमारे ४२ सेंटीमीटर. वरच्या निमुळत्या भागासाठी इन्सुलिनची ३१ नंबरची सुई घ्या. ती पाव मिलिमीटरची असते आणि पहिल्या सुईच्या पोकळीत अलगद बसते. टोकाचा तिरका काप कानसीने घासून टाकावा, आणि सुया औषधांच्या दुकानातून कोऱ्याच आणाव्यात.

ताणता येणारा लायक्राचा धागाही मॉडेलवाल्यांसाठी मिळतो. हात लागला तरी तो तुटत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. तरी उजेड आणि उष्णतेने त्याची लवचीकता वर्षांमागून वर्षे कमी होत जाते, म्हणून आपल्या उन्हाळ्याचा विचार करता मी तो फक्त १/३५० च्या मोठ्या जहाजांवर, तोही काचेच्या पेटीत ठेवायचा असेल तरच वापरते.

जुनी छायाचित्रे यांचे उत्तर

धागा आणि गोंद यांवर पुरेसे लिहून झाले आहे. मला फक्त एवढे सांगायचे आहे की आपण तारीख दिली आहे, वेळ दिलेली नाही. त्या दिवशी एजॅक्सवर दोरांची मांडणी सकाळी एक होती आणि लढाईनंतर दुसरी, कारण लढाईच्या अखेरच्या टप्प्यात 'ग्राफ श्पे'च्या गोळ्याने एजॅक्सच्या मागच्या डोलकाठीचा वरचा भाग उडवला आणि त्याच्याबरोबर एरियलही गेल्या. नंतर खलाशांनी तात्पुरत्या एरियल उभ्या केल्या. आपल्याला ताठ आणि नेटकी मांडणी दाखवायची असेल, तर मॉडेल लढाईपूर्वीच्या पहाटेचे आहे असे समजून चाला.

दुसरे असे की याच वर्गातल्या 'ॲकिलिस'ची छायाचित्रे पाहून एजॅक्सचे दोर लावू नका. विशेषतः १९४८ मध्ये ती आपल्या नौदलात येऊन 'दिल्ली' झाली, त्या काळातली छायाचित्रे आपल्याकडे सहज सापडतात आणि घोटाळा तिथेच होतो. तोवर तिचा मागच्या बाजूचा एक तोफांचा बुरूज काढून टाकलेला होता आणि एका काठीच्या डोलकाठ्यांच्या जागी तीन पायांच्या डोलकाठ्या आल्या होत्या. तीन पाय स्वतःच भार पेलतात, त्यामुळे अशा डोलकाठीला बाजूचे ताण-दोर फारसे लागत नाहीत. १९३९ ची एजॅक्स एका काठीची, म्हणजे तिला पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना दोर हवेतच. (आडकाठीला कोकणात परबाण म्हणतात, आपण विदर्भातले लोक तो शब्द विसरू नये, असे मला मनापासून वाटते.)

लावताना आतून बाहेर आणि खालून वर या क्रमाने जा. पुढचा एक ताण-दोर लावला की लगेच मागचा लावा, म्हणजे डोलकाठी एका अंगाला जाणार नाही. शुद्ध काळा रंग नको, गडद करडा घ्या. एवढ्या छोट्या मापात काळी रेघ डोळ्याला टोचते. झेंड्यांच्या दोऱ्या मात्र तागासारख्या फिकट ठेवा.

त्रिमूर्तीनगर यांचे उत्तर

सर्वांचा आभारी आहे. मधल्या दोन रविवारी सकाळी सात वाजता, कूलर सुरू होण्याआधी, मी स्प्रू ओढायला बसलो. चौदा धागे तुटले आणि पंधरावा हातभर लांब निघाला. पेन्सिलीवर वीस वेढ्यांची रुंदी पट्टीवर १ मिलिमीटर भरली, म्हणजे काकांनी सांगितलेली जाडी नेमकी मिळाली. मागची डोलकाठी सुईची केली आहे आणि तिचे चारही ताण-दोर स्प्रूचे लावले. उजवीकडचा एक सैल राहिला होता, त्याच्याखालून उदबत्ती नेली तर तो पापणी लवायच्या आत सरळ झाला. हे पाहायला मी घरातल्या सगळ्यांना हाक मारून बोलावले.

एरियलसाठी जुन्या घड्याळातली तार काढून ठेवली आहे. ताईंना एकच विचारतो: एरियलच्या दोन्ही टोकांना चिनी मातीचे जे रोधक मणी असतात, ते या मापात दाखवावेत की सोडून द्यावेत?

तांब्याची तार यांचे उत्तर

दाखवा, पण प्रत्येक टोकाला एकच. तार बसवल्यानंतर टाचणीच्या टोकाने फेव्हिकॉलचा कण तारेवर ठेवा. तो आपोआप गोल होतो. वाळला की पारदर्शक दिसेल, त्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्या. मणी डोलकाठीला चिकटून नको, तिच्यापासून दोन-तीन मिलिमीटर आत असू द्या. आणि हे काम पाऊस सुरू होण्याआधी उरका, कारण दमट हवेत फेव्हिकॉल वाळायला फार वेळ घेतो आणि तोवर मणी घरंगळून तारेच्या मध्यावर येतो.