हेडिंग, कोर्स, ट्रॅक, बेअरिंग : चौघंही 'दिशा'च?

कागदी विमान :
घरच्या विमान-सिम्युलेटरसाठी लिटल नॅव्हमॅप या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर प्लॅन कसा आखायचा, याचं टिपण मराठीत करतोय. हेडिंग, कोर्स, ट्रॅक, बेअरिंग, चौघांनाही 'दिशा' लिहून मोकळा झालो होतो. भाच्याने ते वाचून एक्स-प्लेन या सिम्युलेटरवर उड्डाण केलं. कोर्स २७०, म्हणजे थेट पश्चिम, विमानाचा वेग १०० नॉट, वारा थेट उत्तरेकडून २० नॉट. 'दिशा २७० ठेवा' असं मीच लिहिलेलं. त्याने इमानेइतबारे नाक २७० वर धरलं आणि अर्ध्या तासात दहा सागरी मैल दक्षिणेला! नाक २८१-८२ वर हवं होतं. चार वेगळे शब्द सुचवा.

शब्दखोर :
हेडिंग = रोख. फारसी 'रुख', म्हणजे चेहरा. विमानाचं तोंड जिकडे, तो रोख. आणखी काय पाहिजे?

भिंगरी :
'रोख २८२' वाचून पाकिटात हात जातो.

शब्दखोर :
तो रोकडीतला रोख. 'बोलण्याचा रोख' ऐकून पाकीट काढता का?

जुना खलाशी :
जहाजावर आम्ही कोर्सला कोर्सच म्हणायचो, कोणाचं अडलं नाही. आखलेला तो कोर्स, खरोखर कापली ती वाट. ट्रॅकला 'वाट' लिहा. भाच्याचा रोख बरोबर होता, वाट चुकली. बघा, एका वाक्यात समजलं.

उपसर्ग :
बेअरिंगला, म्हणजे एखादं ठिकाण आपल्यापासून कुठल्या दिशेला आहे त्या कोनाला, 'दिगंश' तयार आहे. दिक् + अंश. इंग्रजीची उसनवारी कशाला?

भिंगरी :
दिगंश खगोलवाल्यांचा आहे, अ‍ॅझिमथसाठी.

उपसर्ग :
तोही उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणेच मोजतात. ताऱ्याला चालतो, धावपट्टीला का नाही?

भिंगरी :
कारण कुठली उत्तर, हा घोळ आहेच. व्हीओआर या रेडिओ-दीपाचे रेडियल, म्हणजे त्यातून निघणाऱ्या दिशारेषा, चुंबकीय उत्तरेपासून मोजतात, ताऱ्यांचा दिगंश खऱ्या उत्तरेपासून. शिवाय 'दिगंश' वाचून पोरगं सिम्युलेटर बंद करेल.

उपसर्ग :
'क्षितिज' वाचून बंद केलं का? सवयीचा प्रश्न आहे.

शब्दखोर :
वेपॉइंटला, म्हणजे मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूला, काय केलंत?

कागदी विमान :
'थांबा'.

जुना खलाशी :
अहो, विमान थांबलं तर खाली येईल!

शब्दखोर :
'टप्पा' करा.

भिंगरी :
टप्पा म्हणजे दोन वेपॉइंटमधलं अंतर, लेग. 'खूण' बरं. तसंही पाच अक्षरांची ती नावं उच्चारता यावीत एवढ्यासाठीच असतात, बहुतेकांना अर्थ नसतो. नुसती खूणच ती.

उपसर्ग :
आणि नॅव्हिगेशन डेटा बदलण्याचं चक्र, ती 'आयरॅक सायकल'? 'मास' सुंदर दिसेल.

भिंगरी :
ती २८ दिवसांची, नेहमी गुरुवारी बदलते. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. तुमच्या मासाने नॅव्हिगेशन डेटा शिळा व्हायचा.

कागदी विमान :
रोख आणि वाट घेतले, खूणही घेतली. कोर्स तसाच ठेवतो. पण बेअरिंगचं काय? 'त्या व्हीओआरचं बेअरिंग ०४५' हे वाक्य अजून अडलंय.

जुना खलाशी :
ते होईल हो. आधी सांगा, वर 'उड्डाण केलं' लिहिलंत. भाचा खुर्चीत बसलेला. सिम्युलेटरवर विमान उडवतात की चालवतात?

शब्दखोर :
हाकतात.