मदत हवी आहे : .३०८ रायफलच्या काडतुसात बुलेट एकसारखी खोल बसत नाहीये

बारापावली :
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात सरे परगण्यात राहतो आणि बिस्लीच्या रेंजवर एफ-टीआर खेळतो. म्हणजे .३०८ किंवा .२२३ ची रायफल, पुढे बायपॉड, मागे वाळूची पिशवी, वर दुर्बीण, आणि अंतर १००० यार्डांपर्यंत. इथे फायरआर्म सर्टिफिकेट असलेल्याला स्वतःची काडतुसं घरी भरता येतात. लांब अंतरावर बरेच जण तेच करतात.

गेल्या मोसमापर्यंत १५५ ग्रेन (वजनाचं माप) ची बुलेट, म्हणजे काडतुसाच्या पुढची गोळी, वापरायचो, तक्रार नव्हती. यंदा १८५ ग्रेनच्या लांब निमुळत्या, पोकळ टोकाच्या बुलेटवर आलो. प्रेस तीच, सीटिंग डाय (बुलेट बसवायचा साचा) तीच, केस (काडतुसाची पितळी नळी) लापुआ कंपनीच्याच, चार-पाचदा उडवलेल्या, अॅनीलिंग (तापवून पितळ मऊ करणं) न केलेल्या. याच सुमारास केस धुण्याची पद्धतही बदलली. आधी मक्याच्या कणसाच्या भुशात कोरड्या घासायचो, आता पाण्यात स्टीलच्या पिना घालून.

दुखणी दोन. एक, प्रेसचा दांडा खाली घेताना काही बुलेट अलगद आत जातात, काही कुरकुरत, अडखळत. दोन, मापं. कॅलिपरला कम्पॅरेटर लावून केसच्या बुडापासून बुलेटच्या ओजाइव्हपर्यंत (नाकाच्या गोलाईवरचा ठरलेल्या व्यासाचा भाग) मोजलं तर एकाच बैठकीत भरलेल्या काडतुसांत ६ थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक पडतो. बुडापासून टोकापर्यंतची एकूण लांबी मात्र सगळ्यांची एका थाऊच्या आत आहे, म्हणजे कॅलिपर शहाणा आहे. ९०० यार्डांवर गोळ्या उभ्या रेषेत पसरतात.

माझा संशय केसच्या मानेवर आहे : पितळ कडक झालं, पकड कमी-जास्त झाली. अॅनीलिंगचं मशीन घ्यावं का? स्वस्त नाही, म्हणून आधी विचारतो. जाणकारांनी सांगावं.

लेथवाला :
मी पिंपरीत टूलरूममध्ये आहे, रायफल आयुष्यात हातात धरलेली नाही, पण तुमचे आकडेच बोलतायत. मानेच्या पकडीमुळे बुलेट कमी-जास्त आत जात असती तर दोन्ही मापं बरोबरीने हलली असती. तुमचं टोकापर्यंतचं माप पक्कं आणि गोलाईपर्यंतचं हलतं. म्हणजे डायमधला दट्ट्या बुलेटला टोकावर ढकलतोय. पोकळ टोकं कारखान्यातूनच थोडी लांब-आखूड येतात ना? मग तो फरक खाली गोलाईत उतरणारच. दट्ट्या नाकाच्या बाजूवर टेकला तर उलटं दिसेल, गोलाईचं माप पक्कं आणि एकूण लांबी हलती.

जुनी बुलेट आखूड होती, तिचं टोक दट्ट्याच्या खळग्यात मावत असेल. हिचं तळाला लागतंय. दट्ट्या काढा, बुलेटला मार्करची शाई फासा, हाताने दाबून फिरवा आणि शाई कुठे पुसली ते बघा.

एरीकाठ :
लेथवाला, मान गये! आम्ही लोक दहा वर्षं बुलेट बसवूनही आधी मशीनच विकत घेतो.

बारापावली, मी अमेरिकेत ओहायोत असतो, कॅम्प पेरीच्या रेंजवर जाणारा. दट्ट्याचं त्यांनी सांगितलंच. लांब बुलेटसाठी बहुतेक डाय बनवणाऱ्यांकडे वेगळा दट्ट्या मिळतो. पण कुरकुरण्याचं कारण निराळं. स्टीलच्या पिना मानेच्या आतली काजळी पार खरवडून काढतात. ती पातळ काजळी वंगणाचं काम करत होती. आता कोरड्या पितळावर कोरडं तांबं घासतंय. शिवाय पिना आपटून केसच्या तोंडाची कड किंचित आत वळते आणि बुलेटला ओरखडते. तोंडाला आतून पुन्हा चॅम्फर दे (कड तिरकी कापून घे), नायलॉनच्या ब्रशने मानेत ग्रॅफाइटची पूड फिरव, धुण्याचा वेळ कमी कर. चकाकी टार्गेटवर दिसत नाही. एवढ्याने भागलं नाही तर अॅनीलिंग.

आणि नुसत्या बुलेटही कम्पॅरेटरवर मोज. एकाच डब्यातल्या बुलेट बुडापासून गोलाईपर्यंत सारख्या नसतात. भरलेल्या काडतुसात हा फरक फारसा दिसत नाही, पण किती बुलेट मानेत आणि पावडरीवर उतरली ते त्यावर ठरतं.

बारापावली :
शाईचा प्रयोग केला. नाकाच्या बाजू जशाच्या तशा काळ्या, शाई फक्त टोकावरून गेली. आधी भरलेली काडतुसं भिंगाखाली धरली तर काहींची टोकं चेपून चकाकताहेत. लेथवाला, तुम्हाला कटिंग चहा लागू!

नवा दट्ट्या मागवू की आहे त्याचाच खळगा खोल करून घेऊ?

लेथवाला :
सोपं काम आहे. लेथवर धरून फक्त तळ ड्रिलने खोल करा, तोंडाच्या व्यासाला हात लावू नका. तोंडाची कड मात्र बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नाहीतर बुलेटवर गोल वळ उठेल.

एरीकाठ :
एक सावधगिरी. खळगा खोल झाला की टोक दट्ट्यात आणखी वर जाईल, म्हणजे डायच्या जुन्या सेटिंगवर बुलेट आधीपेक्षा बाहेर राहील. तशीच भरून चेंबरमध्ये घातलीस तर रायफलिंगला (नळीतल्या पिळदार खाचांना) टेकेल आणि दाब वाढेल. पावडर न भरता, प्राइमर न लावता एक डमी बनव, मोज, डाय नव्याने लाव, मगच बाकीची. बसण्याची खोली बदललीस तर पावडरचं वजनही मॅन्युअलच्या खालच्या टोकापासून पुन्हा चढवत न्यायचं.

बारापावली :
क्लबातल्या एका काकांकडे लेथ आहे, त्यांच्याकडून करून घेतलं. डमी खरंच लांब आली, डाय पुन्हा लावली. आता गोलाईपर्यंतचा फरक दीड थाऊच्या आत आणि एकूण लांबी हवी तशी उड्या मारतेय! ग्रॅफाइटने कुरकुर बरीच कमी झाली, तरी अधूनमधून एखादी केस घट्ट लागतेच. ती काडतुसं वेगळी काढून साइटर (नेम जुळवायच्या, गुणांत न धरल्या जाणाऱ्या गोळ्या) म्हणून वापरतो.

आधीच्या चेपक्या टोकांच्या काडतुसांचं काय करू? पुलर (बुलेट उपसून काढायचं अवजार) घेऊन बसू का?

एरीकाठ :
चेंबरमध्ये नीट जात असतील तर ३०० यार्डांच्या सरावाला उडवून टाक. मॅचला नको.