लेस्टरच्या पार्किंगची वसुली पत्रं येताहेत, भाऊ नागपुरात आहे. भरायचे की थांबायचं?

संत्रानगरी

धाकटा भाऊ शिक्षण संपवून ऑगस्ट २०२५ मध्ये लेस्टरहून नागपूरला परतला. गाडी तिथेच विकली. ३ मार्च २०२५ ला एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दोन तास फुकट असताना गाडी दोन तास पंचवीस मिनिटं राहिली. काचेवर काही लावलेलं नव्हतं. फाटकावरच्या कॅमेऱ्यावरून घरी नोटीस आली. नोटिशीवर तारीख १४ मार्च, रक्कम १०० पाउंड, चौदा दिवसांत भरले तर ६०. भरले नाहीत.

आता जुन्या फ्लॅटवर वसुली कंपनीची पत्रं येताहेत, तिथला मित्र फोटो पाठवतो. तिसऱ्या पत्रात रक्कम १७० झाली आहे, वर लाल अक्षरांत ‘अंतिम सूचना’, खाली कोर्ट आणि क्रेडिट रेकॉर्डचा धाक. आईबाबांनी चांगलाच धसका घेतलाय. भावाला पुढेमागे नोकरीसाठी परत तिकडे जायचं आहे. ही माणसं घरी येऊ शकतात का, वरचे ७० कुठून आले आणि इथे बसून नेमकं करायचं काय?

तर्री_पोहे

काही भरू नका बाप्पा. दीडशे पाउंडासाठी कोण येऊन राहिलं वर्धा रोडवर? पत्रं रद्दीत टाका आणि मोकळे व्हा.

मिडलँड्सचा_वऱ्हाडी

तर्रीभाऊंचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यातच लोक फसतात.

आधी नोटीस कोणाची ते पाहा. तिकडे दोन कागदांना एकच लघुरूप आहे, पीसीएन. कौन्सिलची असते ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’, तो कायद्याने लावलेला दंड. तो थकला तर सुनावणीशिवायही बेलिफपर्यंत प्रकरण जातं. सुपरमार्केटची असते ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’. हा दंड नव्हे. फलकावरच्या अटी मान्य करून तुम्ही गाडी लावली आणि अट मोडली, म्हणून खासगी कंपनीने मागितलेले कराराचे पैसे. आपल्याकडच्या ई-चलानशी याची तुलना करू नका. तुमची नोटीस दुसऱ्या प्रकारची दिसते.

वसुली कंपनीला कसलाही अधिकार नाही. ती बेलिफ नव्हे. दारात येऊन वस्तू उचलणं सोडा, क्रेडिट रेकॉर्डवर नोंदही ती करू शकत नाही. पत्रातली वाक्यं नीट वाचा: ‘आम्ही शिफारस करू शकतो’, ‘कारवाई होऊ शकते’. सगळं ‘शकते’वर चाललेलं असतं. ७० पाउंड म्हणजे त्यांनी चढवलेला वसुलीखर्च. पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटनांची (बीपीए आणि आयपीसी) जून २०२४ मध्ये जाहीर झालेली एकच आचारसंहिता आहे. तिच्यात मूळ आकाराची कमाल १०० आणि वसुलीखर्चाची कमाल ७० आहे. म्हणून बहुतेकांना १७० हाच आकडा येतो. या पत्रांना उत्तर न दिल्याने बिघडत काही नाही, आणि फोन करून वाद घातल्याने मिळत काही नाही.

धोका आहे तो त्यानंतरच्या कागदात. वकिलांच्या फर्मकडून किंवा खुद्द कंपनीकडून ‘लेटर ऑफ क्लेम’ किंवा ‘लेटर बिफोर क्लेम’ येतं. ते ओळखायची खूण सोपी: सोबत उत्तराचा फॉर्म, उत्पन्न-खर्चाचा तक्ता आणि माहितीपत्रक असतं, आणि ३० दिवसांची मुदत दिलेली असते. त्याला उत्तर द्यायचंच. कागदपत्रं मागितली तर ती दिल्यानंतर आणखी ३० दिवस त्यांना दावा लावता येत नाही.

तरीही दावा लागलाच तर नॉर्थॅम्प्टनच्या दिवाणी कोर्टाच्या केंद्रातून क्लेम फॉर्म येतो. त्यावरच्या ‘इश्यू’ तारखेत ५ दिवस मिळवले की बजावणीची तारीख. तिथून १४ दिवसांत पोच द्यायची. पोच दिली की बचाव दाखल करायला बजावणीपासून एकूण २८ दिवस मिळतात. काहीच केलं नाही तर एकतर्फी निकाल, म्हणजे सीसीजे (काउंटी कोर्ट जजमेंट). महिन्याभरात पूर्ण भरला तर नोंदवहीतून निघतो, नाहीतर सहा वर्षं राहतो. क्रेडिट रेकॉर्ड खराब होतं ते या टप्प्यावर. साधारण हिशेब: १७० मूळ मागणी, ३५ कोर्ट फी, ५० वकिलाचा ठरावीक खर्च, वर व्याज.

तुमच्या भावाची खरी अडचण पत्त्याची आहे. तिथल्या दिवाणी नियमांनुसार शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर कागद गेला की बजावणी झाली असं धरतात. मित्राने तो फ्लॅट सोडला की क्लेम फॉर्म कोणाच्या तरी पायपुसण्यावर पडून राहील आणि इथे कोणाला कळणारही नाही. म्हणून ‘रद्दीत टाका’ हा सल्ला इंग्लंडमध्येच राहणाऱ्याला एक वेळ चालेल, देश सोडलेल्याला नाही.

आता तारखा. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२ च्या चौथ्या परिशिष्टानुसार, चालक कोण ते कंपनीला माहीत नसेल तर ती नोंदणीकृत ‘कीपर’कडून (गाडी ज्याच्या नावे नोंदलेली आहे त्याच्याकडून) वसूल करू शकते, पण नोटीस मुदतीत पोचली असेल तरच. काचेवर तिकीट नसेल तर पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांत ती हातात पडली पाहिजे. ४ मार्चपासून मोजा, चौदावा दिवस १७ मार्च, सोमवार. पोस्टात टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी पत्र पोचलं असं कायदा गृहीत धरतो. १४ मार्चला शुक्रवार होता. शनिवार-रविवार सोडा, सोमवार पहिला दिवस, मंगळवार १८ दुसरा. म्हणजे एक दिवस उशीर. गुरुवारी १३ ला टाकलं असतं तर मुदतीत बसलं असतं. असं असेल तर कीपर म्हणून भावावर जबाबदारी येत नाही, चालक कोण हे कंपनीने सिद्ध करावं लागेल. (हे फक्त इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडमध्ये कीपरवर अशी जबाबदारीच नाही.)

पण एक सांगा, भावाने कंपनीला कधी काही लिहून दिलं होतं का? शब्दशः काय लिहिलं होतं?

दिवाणी_दावा

इकडची बाजू मी सांगते. नागपुरात येऊन वसुली, हा विषय डोक्यातून काढा. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली ब्रिटनचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलात आणता येतो खरा, पण तो तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचा असेल तर. अधिसूचनेत इंग्लंडचं हायकोर्ट आहे, काउंटी कोर्ट नाही. शिवाय कलम १३ प्रमाणे गुणदोष न पाहता दिलेला परदेशी निकाल इथे बंधनकारक ठरत नाही, आणि एकतर्फी निकाल बहुधा त्यातच मोडतो. दोनशे-अडीचशे पाउंडांसाठी नागपूरच्या कोर्टात, सिव्हिल लाइन्सला, नवा दावा लावायला येईल असा वादी मिळणं कठीण.

समन्सचंही तसंच. परदेशी समन्स बजावण्याच्या हेग कराराखाली भारताने टपालाने बजावणीला हरकत नोंदवलेली आहे. त्यांना केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयामार्फत यावं लागतं. तिकडून कुरिअरने आलेला क्लेम फॉर्म म्हणजे रीतसर बजावणी नव्हे.

तरी तर्रीभाऊंशी सहमत नाही, कारण भावाला परत जायचं आहे. ब्रिटनच्या व्हिसा अर्जात तुमच्याविरुद्ध कर्जाबद्दल वगैरे दिवाणी निकाल आहे का, असा सरळ प्रश्न असतो. पार्किंगच्या सीसीजेमुळे व्हिसा नाकारतील असं मी म्हणत नाही. पण निकाल झालाय हे माहीतच नसल्याने ‘नाही’ लिहिलं आणि पुढे तो सापडला, तर ते खोटं विधान दिसतं, आणि ते निस्तरणं जड जातं. परत गेल्यावर घर भाड्याने घेतानाही क्रेडिट तपासतातच.

संत्रानगरी

दोघांचेही आभार. भावाला विचारलं. मार्चमध्येच त्याने कंपनीच्या वेबसाइटवर अपील केलं होतं: ‘काउंटरवर रांग होती, म्हणून मला गाडीकडे परत यायला उशीर झाला.’ दहा-बारा दिवसांत ते फेटाळल्याचा ईमेल आला. त्यात पॉप्लाचा (पार्किंग आकारांविरुद्धच्या स्वतंत्र अपील सेवेचा) कोड होता, तो त्याने वापरला नाही. आता?

मिडलँड्सचा_वऱ्हाडी

‘मला परत यायला उशीर झाला’ म्हणजे चालक मीच होतो, हे त्याने लिहून दिलं. १४ दिवसांचा मुद्दा गेला. चालक माहीत असेल तर कीपरचं परिशिष्ट लागतच नाही. आता ‘चालक कोण माहीत नाही’ असं लिहू नका. बचावाखाली सत्यतेची सही असते, आणि ते अपील त्यांच्या फाइलमध्ये आहे. ज्यांची नोटीस नवी आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवा: अपिलात ‘मी’ आणि ‘माझं’ गाळून ‘गाडी’, ‘कीपर’, ‘चालक’ असंच लिहायचं.

पॉप्लाचा कोड फेटाळल्यापासून २८ दिवसच चालतो, तेही दार बंद. ती पायरी फुकट होती आणि निकाल फक्त कंपनीवर बंधनकारक असतो, त्यामुळे वाया गेलेली सगळ्यात मोठी संधी तीच.

उरलेले मुद्दे असे. फाटकावरचा कॅमेरा आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजतो, उभं राहण्याचा नाही. संहितेत शेवटी १० मिनिटांची सवलत आहे. २५ मिनिटांवर ती पुरत नाही, बाहेर पडताना लांब रांग होती असा पुरावा असेल तरच काही हाती लागेल. ‘१०० पाउंड म्हणजे अवाजवी दंड’ हा युक्तिवाद करू नका. पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस खटल्यात २०१५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ८५ पाउंडांचा आकार वैध ठरवला आहे. तिथेही दोन तास फुकट असलेलंच पार्किंग होतं. मात्र त्या खटल्यात फलक मोठे आणि स्पष्ट होते, म्हणून इथल्या फलकांचे फोटो महत्त्वाचे. मित्र अजून तिथेच असेल तर प्रवेशावरचा फलक चालकाच्या सीटवरून कसा दिसतो आणि ७० पाउंडांचा उल्लेख किती बारीक अक्षरांत आहे, ते टिपायला सांगा. त्या ७० वर जिल्हा न्यायाधीशांची मतं एकसारखी नाहीत, कोणी देतात, कोणी छाटतात.

या आठवड्यात दोन ईमेल करा, दोन्ही पार्किंग कंपनीच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याला, वसुलीवाल्यांना नाही. पत्ता कंपनीच्या गोपनीयता धोरणात असतो.

पहिला: जुन्या पत्त्यावर आता राहत नाही, अमुक तारखेला देश सोडला, तो पत्ता पुसा, पत्रव्यवहारासाठी हा ईमेल आणि हा नागपूरचा पत्ता. वसुली कंपनीलाही हे कळवा, असं त्यातच लिहा. पत्ता बदलल्याचं कळवूनही त्यांनी जुन्या पत्त्यावर दावा बजावला, तर निकाल रद्द करून घ्यायला हा ईमेल तुमचा मुख्य पुरावा.

दुसरा: वैयक्तिक माहितीची मागणी, म्हणजे ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’ (एसएआर). फुकट असते, एका महिन्यात द्यावी लागते. दोन्ही कॅमेरा फोटो वेळेसह, पाठवलेलं प्रत्येक पत्र, अपील आणि त्याचं उत्तर, गाडीच्या नोंदणी खात्याकडून पत्ता कधी घेतला ती नोंद, एवढं मागा. वाहन क्रमांक आणि नोटीस क्रमांक विषयातच टाका. पासपोर्टची पूर्ण प्रत मागितली तर क्रमांक झाकून द्या.

उंटखाना_चौक

आणि मिटवूनच टाकायचं असेल तर? १७० म्हणजे आजच्या भावाने वीस हजारांच्या आसपास.

मिडलँड्सचा_वऱ्हाडी

तर १७० भरू नका. कंपनीला लिहा की मूळ १०० पाउंड ‘पूर्ण आणि अंतिम तडजोड’ म्हणून द्यायला तयार आहे, लेखी होकार आल्यावर लगेच भरतो. ‘वसुली कंपनीशीच बोला’ असं उत्तर आलं तर तोच प्रस्ताव त्यांना, लेखीच. काही कंपन्या मानतात, काही दावा लागेपर्यंत हटून बसतात. या अपिलानंतर भावाची बाजू लंगडी आहे, तेव्हा १०० मध्ये सुटत असेल तर मी सोडवेन. कार्डाने भरताना बँकेचा परकीय चलन आकार वेगळा लागतो.

पार्किंगचा दंड भरा म्हणून लिंक असलेला मेसेज आला तर दाबू नका, तो फसवणुकीचा धंदा वेगळाच आहे. पत्रावर छापलेल्या दुव्यानेही नको. कंपनीच्या मूळ वेबसाइटवर जाऊन नोटीस क्रमांक आणि वाहन क्रमांक टाका. फोटो दिसले तर प्रकरण खरं.

संत्रानगरी

नागपूरचा पत्ता द्यायला बाबा घाबरताहेत. फक्त ईमेल दिला तर चालेल का?

दिवाणी_दावा

पत्ता द्या. वर लिहिल्याप्रमाणे त्या पत्त्यावर टपालाने रीतसर बजावणी होत नाही, त्यामुळे देण्यात तोटा नाही. नुसता ईमेल दिला तर ‘निवासाचा पत्ता कळवलाच नाही, म्हणून जुन्यावरच पाठवलं’ असं म्हणायला त्यांना वाव राहतो. घराचा नको असेल तर जिथे कागद नक्की मिळेल असा नातेवाइकाचा चालेल, पण पिनकोडसकट पूर्ण. ईमेलला जोडून एक छापील प्रत नागपूर जीपीओतून आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टने टाका आणि पावतीवरचा ट्रॅकिंग क्रमांक फोटो काढून ठेवा, त्या पावत्यांची शाई सहा महिन्यांत उडते. सीसीजेची सार्वजनिक नोंदवही थोड्या शुल्कात ऑनलाइन पाहता येते. लेस्टरचा जुना पत्ता टाकून आत्ता एकदा शोधा, आणि व्हिसा अर्ज भरायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा.