‘रूपांतरित’ की ‘बेतलेले’?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातील अवजड बॉम्बफेकी विमानांपासून सैनिकी वाहतुकीची विमाने तयार झाली. त्यांना सरसकट ‘रूपांतरित विमाने’ म्हणावे का?

उत्तर: सरसकट म्हणू नये, असे मला ठामपणे वाटते. रूपांतर म्हणजे वस्तू तीच आणि रूप नवे. ब्रिटिश ‘लँकॅस्ट्रियन’ला हा शब्द चपखल बसतो, कारण ‘लँकॅस्टर’ या बॉम्बफेकी विमानाचेच बंदुकांचे मनोरे उतरवून, नाक आणि शेपटीकडचे टोक निमुळते करून ते बनवले गेले. धड जुनेच, अरुंद. प्रवासी विमान म्हणून वापरताना त्यात जेमतेम ९ ते १३ माणसे, काही विमानांत तीही आडवी तोंड करून, बसत.

५ जुलै १९४२ रोजी प्रथम उडालेल्या ‘यॉर्क’ या ब्रिटिश वाहतूक विमानाचे तसे नाही. पंख, इंजिने, शेपटी आणि चाके लँकॅस्टरची घेतली, पण धड पूर्णपणे नवे, चौकोनी छेदाचे केले आणि पंख त्याच्या माथ्याशी जोडले. त्यामुळे आतली जागा जवळजवळ दुप्पट झाली आणि तळ जमिनीलगत आल्याने सामान चढवणे सोपे झाले. मात्र या मोठ्या धडामुळे विमानाची दिशा स्थिर राहीना, म्हणून शेपटीवरील दोन उभ्या पाळ्यांच्या मध्ये तिसरी बसवावी लागली. शिंपी मापाला कापड बेततो, तसे हे काम आहे. म्हणून यॉर्क ‘लँकॅस्टरवर बेतलेले’ म्हणावे.

‘मालवाहू’ हा वृत्तपत्री शब्दही जपून वापरावा. चर्चिल यांचे ‘अ‍ॅस्कलॉन’ हे विमान यॉर्कच होते, त्याला मालवाहू कसे म्हणणार? ‘वाहतूक विमान’ या शब्दात माणसे आणि माल दोन्ही मावतात. ‘बमवर्षक’ हिंदीतला आहे. आपला ‘बॉम्बफेकी’ पुरेसा आहे.

खरी अडचण ‘लिबरेटर’ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानापाशी येते. आसामातून हिमालयाच्या पूर्वेकडील रांगा ओलांडून चीनला रसद नेणाऱ्या विमानांत त्याचे ‘सी-८७’ आणि ‘सी-१०९’ हे दोन्ही प्रकार होते. पेट्रोलच्या टाक्या बसवलेले सी-१०९ तयार बॉम्बफेकी विमानांतून केलेले असल्याने निःसंशय रूपांतरित, आणि कामावरून ‘इंधनवाहू’ आहे. सी-८७चा पहिला नमुना असाच घडला, पण पुढची विमाने कारखान्यातूनच वाहतुकीसाठी बाहेर पडली आणि त्यांचे धडही मुळात लिबरेटरचेच होते. म्हणून त्यांना ‘रूपांतरित’ किंवा ‘बेतलेले’ न म्हणता मी ‘लिबरेटरचा वाहतूक प्रकार’ म्हणेन.